काळी तीन

"अर्धाच," कुंदाताई म्हणाली. "अर्धा सूर खाली घ्या. त्याच्या वर नको आणि त्याच्या खाली पण नको. सकाळपासून चार वेळा म्हणून बघितलंय मी."

इचलकरंजीच्या नाट्यगृहात, रंगपटाच्या खोलीत दुपारचा दीड वाजला होता. तीन वाजता कार्यक्रम होता. कुंदाताई हेरवाडे, आमच्या ऑर्केस्ट्राची गायिका, आरशाकडे पाठ करून बसली होती आणि मे महिन्यात तिच्या गळ्याला मफलर होता. समोर रसूलभाई मुजावर, मांडीवर कीबोर्ड घेऊन. ते ऑर्केस्ट्राचे मालकही होते, संगीतकारही आणि कीबोर्डवालेही. तिन्ही पदं एकाकडेच असल्यामुळे त्यांच्यात मतभेद होत नसत. कोपऱ्यात मी, दिगंबर सातपुते, बेस गिटार. बाकीचे बाहेर भजी खायला गेले होते.

"गळ्याला काय झालंय?" रसूलभाईंनी विचारलं.

"काही झालं नाही. अडतीस वर्षं झालीत त्याला."

रसूलभाई हसले नाहीत. पट्टीच्या बाबतीत ते हसत नसत.

पेटीवर एका सप्तकात पांढऱ्या पट्ट्या सात आणि काळ्या पाच. ज्या पट्टीवर तुम्ही सा धरता, ती तुमची. कुंदाताईची काळी चार. चौदा वर्षं ती काळी चारमध्ये गात होती आणि गावोगावचे पेटीवाले तिचं नाव विसरले तरी "ती काळी चारवाली बाई" म्हणून विचारपूस करत. बाईला वय दोन वर्षं कमी सांगता येतं. पट्टी अर्ध्या सुराने सुद्धा खोटी सांगता येत नाही. म्हणून "अर्धा सूर खाली घ्या" हे वाक्य उच्चारायला तिला सकाळपासून दीड वाजेपर्यंत वेळ लागला होता.

"काळी चारच्या अर्धा सूर खाली म्हंजे पांढरी पाच," रसूलभाई म्हणाले. "मला काय, एक बटण दाबायचं. ढोलकी उतरवू. दिग्या, तुला काय अडचण हाय का?"

हा प्रश्न त्यांनी सभेत "कुणाची हरकत?" विचारतात तसा विचारला होता, म्हणजे उत्तराची वाट न बघता.

अडचण मला होती. मला एकट्यालाच होती.

आठ महिन्यांपूर्वी माझ्या डाव्या हाताची बोटं माझ्याशी बोलेनाशी झाली. दुखत नव्हती, सुजली नव्हती, दिसायला उत्तम होती. फक्त सांगितलेलं करत नव्हती. शर्टाची बटणं मी एका हाताने लावायला शिकलो. मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्या मानेचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "खांद्यावर काही ओझं घेता का?" मी म्हणालो, "बेस गिटार." "किती वर्षं?" "चौदा." "मग आता थांबवा." मी विचारलं, बोटं परत येतील का? ते म्हणाले, "येतील कदाचित." डॉक्टर लोक हा शब्द जपून वापरतात. पुढच्या पेशंटलाही तोच लागतो.

मी थांबवलं नाही. ज्या सूतगिरणीत मी टाइमकीपर होतो ती बंद पडून दोन वर्षं झाली होती. बी. ए., तर्कशास्त्र, दुसरा वर्ग, ह्याला इचलकरंजीत उठाव नव्हता. मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीत माझ्यासाठी एक स्टूल राखून ठेवलेलं होतं आणि बायको दर रविवारी त्या स्टुलाची खुशाली मला कळवायची. ते स्टूल तसं वाईट नाही, पण हे कळायला मला पुढची सतरा वर्षं लागली. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की, बेस गेला तर मागे जो कुणी उरेल त्याला मी ओळखत नाही.

तर बोटं नसताना बेस कसा वाजवायचा, हे मी शोधून काढलं होतं.

बेसवर सूर दोन तऱ्हांनी निघतो. डाव्या बोटाने तार गिटारच्या मानेवरच्या फ्रेटवर दाबायची आणि उजव्याने छेडायची, हा दाबलेला सूर. तो आज्ञाधारक असतो. बोट उचललं की गप्प. दुसरी तऱ्हा म्हणजे काहीही न दाबता तार नुसती छेडायची. ही मोकळी तार. ती घुमते आणि आपण आवरेपर्यंत घुमतच राहते. चांगला बेसवाला मोकळी तार लोणच्यासारखी वापरतो. मी आठ महिने लोणच्यावर जेवत होतो.

बेसच्या मोकळ्या तारा कुंदाताईच्या पट्टीत बसत नाहीत. म्हणून मी चारही खुंट्या थोड्या सैल करून चारही तारा अर्धा सूर उतरवून ठेवल्या. मग काळी चारचा सा, म, प, तिन्ही मोकळे. डावा हात मी गिटारच्या मानेवर नुसता फिरता ठेवायचो, लग्नात मामा फिरतो तसा. काम काही नाही, पण दिसायला हवा. हे कुणाला कळू नये म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन एकट्याने तारा लावायच्या, आणि कार्यक्रम संपला की पहिली पिशवी माझी बंद. कुणाला कळलं नाही. उलट रसूलभाई एकदा म्हणाले होते, "दिग्या, अलीकडं तुझा बेस लई घुमतोय. काय खातोस?"

पांढरी पाच म्हणजे माझी एकही तार मोकळी नाही. प्रत्येक सूर दाबायचा. आणि आज, सगळे दिवस सोडून आज.

कारण आज पाचव्या रांगेत पुण्याच्या कॅसेट कंपनीचे सबनीस बसणार होते. कुंदाताई चौदा वर्षं दुसऱ्यांच्या आवाजात गात आली होती. सिनेमातली बाई जशी गायली तशी. आज पहिल्यांदा ती स्वतःचं गाणं म्हणणार होती. चाल रसूलभाईंची. सबनीसांनी हो म्हटलं तर आठ गाण्यांची कॅसेट निघणार, तिच्या नावाची, तिच्या फोटोची. नाही म्हटलं तर तिचं गाणं आज संपणार होतं. हे तिच्या नवऱ्याने, आण्णासाहेबांनी, शांतपणे सांगितलं होतं आणि तिनेही शांतपणे मान्य केलं होतं. आण्णासाहेब वाईट माणूस नव्हते. चौदा वर्षं त्यांनी मुलींच्या वेण्या घातल्या होत्या, भाकऱ्या थापल्या होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, "तुझा स्वतःचा आवाज कुणाला पाहिजे का, एकदा बघ. नसला तर घरी ये."

ही सगळी हकिकत मला माहीत होती. तरी मी म्हणालो, "ताई, पांढरी पाच नको."

"का?"

"उतरायचंच तर नीट उतरा. काळी तीन घ्या."

काळी तीन म्हणजे आणखी अर्धा सूर खाली. तिथे माझी वरची तार मोकळी होती, तिच्या शेजारचीही. गाण्याचा सा आणि गाण्याचा प. मधला एखादा सूर दाबावा लागला असता, तो मी सोडून देणार होतो. दीड मिनिटात माझ्या डोक्यात एवढा हिशेब झाला होता. तर्कशास्त्राचा उपयोग होत नाही असं कोण म्हणतं.

रसूलभाईंनी मान वर केली. "काळी तीनला खालचा पंचम कसा मिळंल? तिथनंच तर गाणं उठतंय."

"तेच मी म्हणते," कुंदाताई म्हणाली. "अर्ध्यापर्यंत मिळतोय. त्याच्या खाली नुसता वारा येतोय, दिगूभाऊ."

"माईक कशाला आहे?" मी म्हणालो. "खालचा सूर बारीक लागला तर माईक उचलून धरतो. वरचा फाटला तर माईक काय शिवणार आहे का?"

हे वाक्य इतकं चांगलं होतं की मलाही ते क्षणभर पटलं.

कुंदाताईने मफलर सावरला. तिला खरी भीती वरच्या सुराची होती, हे मला माहीत होतं. मागच्या महिन्यात जयसिंगपूरला अंतऱ्यात तिचा आवाज फाटला होता आणि मागच्या बाकावरून कुणीतरी कोंबड्यासारखा आरवला होता. ती बाहेर येऊन रडली नव्हती. तिने फक्त मला विचारलं होतं, "फार लांबपर्यंत ऐकू गेलं का हो?"

"पांढरी पाचला वरचा लागेल," मी म्हणालो. "पण लागेल की नाही हे तुम्ही गाता गाता बघत बसणार. आणि सबनीस तुम्हाला बघत बसणार. काळी तीनला बघायलाच नको. निवांत जाऊन वर बसायचं."

"भिऊन खाली येतीया असं नगं," रसूलभाई म्हणाले.

"भ्यायचं नाही म्हणूनच म्हणतोय."

"म्हणून बघ बरं," ते कुंदाताईला म्हणाले आणि काळी तीनचा सा धरला.

ती म्हणाली. "कुणी ठेवली गं उंबऱ्यात ही ओंजळ पाण्याची." बंद खोली, फरशी, चार भिंती. खालचा पंचम आला. बारीक, पण आला. खोलीत मीही गायलो असतो तरी बरा वाटलो असतो. मग ती अंतऱ्याला वर गेली आणि तिच्या कपाळावरची आठी गेली. इतक्या महिन्यांनी तिला वर जाताना भीती वाटली नव्हती. तिने गळ्यातला मफलर काढला.

"दिगूभाऊ," ती म्हणाली, "हे माझ्या डोक्यातच आलं नसतं."

"कसं येईल," मी म्हणालो.

एका तालमीचा अमृतमहोत्सव होता. पहिल्या तीन रांगांत पैलवान बसले होते आणि खुर्च्यांचे दोन्ही हात त्यांच्या आत गेले होते. अध्यक्षांनी संगीत आणि कुस्ती ह्यांतलं साम्य पंधरा मिनिटं सांगितलं. दोन्हींत दम लागतो, असं शेवटी निघालं. सबनीस पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. बॅग मांडीवर ठेवून, एसटी चुकू नये म्हणून बसतात तसे.

रसूलभाईंनी तिचं गाणं तिसरं ठेवलं होतं. "यानंतर एक नवीन गीत," असं निवेदकाने म्हटल्यावर दोन पैलवान पाणी प्यायला उठले.

कीबोर्डवर सुरावट झाली. मी वरची तार छेडली, काळी तीन, मग शेजारची. कुंदाताईने डोळे मिटले आणि खालच्या पंचमावर शब्द ठेवला.

तो मला ऐकू आला नाही.

मी तिच्यापासून सहा फुटांवर होतो. वर पंखे होते, खाली खुर्च्या करकरत होत्या, आणि ह्या सगळ्यावर एक आवाज होता जो पंख्यांचा नव्हता आणि खुर्च्यांचाही नव्हता. माझी मोकळी तार. कुंदाताई ज्या सुरावर गाणं उचलत होती, नेमका तोच सूर माझी तार तिच्या खाली घुमवत होती, आणि तिच्यापेक्षा दसपट मोठ्याने. तिचा पंचम माझ्या पंचमात बुडत होता. नदीत लोटी उपडी करावी तसा.

दाबलेला सूर असता तर मी बोट उचललं असतं. तेवढ्या फटीतून ती बाहेर आली असती. मोकळी तार बोट उचलून थांबत नाही, बोट मुळात नसतंच. मी उजव्या तळव्याने तार झाकून बघितली. झाकली की पुढचा ठेका चुकत होता. रसूलभाईंनी माझ्याकडे बघून भुवई खाली केली. कमी कर. आवाजाची चकती माझ्या करंगळीपासून दोन इंचांवर होती. ती पूर्ण फिरवली असती तरी चाललं असतं. बेसशिवाय चार ओळींनी कुणी मेलं नसतं.

पण बेस थांबला तर लोक बेसवाल्याकडे बघतात. इतर वेळी कुणी बघत नाही. चौदा वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. थांबला की बघतात. आणि बघितलं तर डावा हात दिसतो.

मी चकती एक रेघ फिरवली. रसूलभाईंनी पुन्हा भुवई केली. मी ढोलकीवाल्याकडे बघत राहिलो.

तिसऱ्या ओळीला पाचव्या रांगेतल्या सबनीसांनी मान पुढे काढली, कानामागे हात नेला, आणि मग हात परत बॅगेवर ठेवला. हात परत ठेवताना मी बघितला. तिनेही बघितला असावा. तिने माईक ओठांना टेकवला. वारा आला, शब्द आला नाही.

मग अंतरा. ती वर गेली आणि काय गेली. आठ महिन्यांत, वर्षात, मी तिला तसं ऐकलं नव्हतं. पाणी प्यायला गेलेले पैलवान दारातच थांबले. वरच्या सुरावर ती थांबली, हवं तेवढं थांबली, आणि सावकाश खाली उतरायला लागली. उतरता उतरता पुन्हा त्या पहिल्या ओळीवर आली आणि पुन्हा दिसेनाशी झाली.

टाळ्या चांगल्या पडल्या. पैलवानांच्या टाळ्या जोरातच पडतात.

मध्यंतरात सबनीस आत आले. सभ्य माणूस. त्यांनी चहा नको म्हटलं.

"वरचा आवाज उत्तम आहे, बाई," ते म्हणाले. "खरंच उत्तम. पण गाणं वरून सुरू होत नाही. दुकानात माणूस कॅसेटची पहिली ओळ ऐकतो, दुसरी ऐकत नाही. मला पहिली ओळ ऐकू आली नाही."

"अर्धा सूर वर घेतलं तर?" कुंदाताईने विचारलं.

"घेतलं असतंत तर सांगता आलं असतं," सबनीस म्हणाले. "आता मी जे ऐकलं त्यावर सांगतोय." मग ते घड्याळ बघून गेले. त्यांना एसटी मिळाली असावी.

कुंदाताईने पुढची सात गाणी म्हटली. दुसऱ्यांच्या आवाजात, काळी चारमध्ये, जिथे फाटेल तिथे प्रेक्षकांकडे माईक वळवून. प्रेक्षकांनी मनापासून साथ दिली.

सहाला कार्यक्रम संपला. पैलवानांच्या अध्यक्षांनी मला नारळ देण्यासाठी थांबवून घेतलं, म्हणून पहिली पिशवी माझी बंद झाली नाही. नारळ घेऊन मी विंगेत आलो तेव्हा रसूलभाई माझा बेस पिशवीत घालत होते. घालता घालता त्यांचं बोट तारेला लागलं.

त्यांनी बेस परत बाहेर काढला. तार छेडली. दुसरी छेडली. कीबोर्ड अजून चालू होता, त्यावर एक पट्टी दाबून बघितली. चारही तारा बघून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. मी नारळ त्याच हातात घेण्याची चूक केली नव्हती. पण कोपर आणि बरगडीच्या मध्ये धरला होता, आणि असा नारळ कुणी धरत नाही.

"कधीपासनं?"

"आठ महिने."

"म्हणून घुमत व्हता."

मी नारळ खाली ठेवला.

"काळी तीन तिच्यासाठी न्हवती."

"नव्हती."

रसूलभाई कीबोर्डच्या खोक्यावर बसले. बेस मांडीवर घेतला. वरच्या तारेची खुंटी त्यांनी हळूच पिळली. तार चढली. छेडली. मग शेजारची पिळली, छेडली. "ही पांढरी पाच," ते म्हणाले. "ही पांढरी दोन." मग डावा हात पाठीमागे नेला, आणि एकट्या उजव्या हाताने त्या दोन मोकळ्या तारांवर गाण्याची पहिली ओळ धरून वाजवली, पांढरी पाचमध्ये. सा आणि प. कुठे काही दाबावं लागलं नाही.

"किती येळ लागला मला?"

"एक मिनिट."

"तेवढाबी न्हाई लागला."

बेसची वरची तार मुळातच पांढरी पाच असते. जगातल्या सगळ्या बेस गिटारींची असते. बेस विकत घेतल्या दिवशी, पहिल्या धड्याला, पहिल्या पाच मिनिटांत ते शिकवतात. मी तारा उतरवल्या नसत्या, किंवा दीड ते तीनच्या मध्ये कधीही दोन खुंट्या पूर्ववत केल्या असत्या, तर कुंदाताई मागत होती तो अर्धा सूर माझ्याकडे मोकळाच पडून होता. तिला हवा तोच मलाही सोयीचा होता. आठ महिने मला एकच वाट ठाऊक होती, खाली उतरायची. तारा वरसुद्धा जातात हे मी विसरलो होतो.

"ढिलं करायची अक्कल आली तुला," रसूलभाई म्हणाले. "ताणायची न्हाई आली."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बेस पिशवीत घातला आणि चेन लावून माझ्या उजव्या खांद्यावर अडकवला.

"चाल माझी गेली, ती माझी मी बघतो. तिचं तू सांग. आज सांग. उद्या तुला धीर व्हायचा न्हाई."

"आणि माझं?"

"तुझं काय?" ते म्हणाले. हा प्रश्न होता की उत्तर, हे मी विचारलं नाही.

कुंदाताई बाहेरच्या दारात उभी होती. "दिगूभाऊ, घरापर्यंत येता का?" ती म्हणाली. "मी सांगितलं की आण्णांना कारणं वाटतात. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

दहा मिनिटांची वाट. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटखट, त्यामुळे बोलावं लागलं नाही. एका ठिकाणी मागच बंद होते, तिथे ती म्हणाली, "एक मात्र झालं बघा. तुम्ही काळी तीन म्हणालात म्हणून वरचा सूर तरी लोकांनी ऐकला. पांढरी पाचला तोही गेला असता." मी तोंड उघडलं, आणि पुढच्या शेडमधले माग सुरू झाले.

हेरवाड्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवतात. जैनांचं घर. आण्णासाहेब नुकतेच ताटावरून उठून हात पुसत होते. मला बघून त्यांनी खुर्ची ओढून दिली. मी बेस भिंतीला टेकवला.

"काय म्हणाला पुण्याचा माणूस?"

"नाही म्हणाला," कुंदाताई म्हणाली. "खालचा आवाज ऐकू येत नाही म्हणाला." आणि आत चहा ठेवायला गेली.

आण्णासाहेब थोडा वेळ पंचा घडी करत राहिले. घडी झाल्यावर त्यांनी ती मोडून परत केली.

"दिगंबरराव, तुमी चौदा वर्षं शेजारी हुभा ऱ्हायलाय. मला त्यातलं कळत न्हाई, म्हणून तुमाला विचारतो. हिचा आवाज गेलाय का? गेला म्हणालात तर मी परत विषय काढत न्हाई, तिलाबी काढू देत न्हाई. न्हाई म्हणालात तर अजून एखादं वर्ष बघू. मला काय घाई न्हाई."

असा सरळ प्रश्न मला आयुष्यात त्याआधी कुणी विचारला नव्हता आणि नंतरही नाही.

"गेलेला नाही," मी म्हणालो. "आवाज जागेवर आहे. ताईंनी अर्धाच सूर खाली मागितला होता. आणखी खाली मी नेलं. माझ्यासाठी. माझ्या डाव्या हाताची बोटं चालत नाहीत, आठ महिने झाले. ती पट्टी मला सोयीची होती. ताईंची चूक नाही."

बोललो. एका दमात बोललो. आत भांड्याचा आवाज थांबला आणि कुंदाताई दारात आली.

आण्णासाहेबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी तयार नव्हतो. माया आली.

"भला माणूस हाय," ते तिला म्हणाले. "तुझ्यासाठी सोताची बोटं मोडून घ्यायला निघालाय."

"खरं सांगतोय मी."

"कुठली बोटं?" कुंदाताईने विचारलं.

मी डावा हात पुढे केला. बोटं सरळ, नखं कापलेली, कुठे खरचटलेलंसुद्धा नाही. मला स्वतःला तो हात बघून विश्वास बसला नसता.

"आत्ताच तर अडीच तास वाजवलंत," ती म्हणाली. तिचा आवाज फार हळू होता. "मी सहा फुटांवर होते, दिगूभाऊ. माझ्यासाठी खोटं बोलू नका. मला कळतंय."

"मलाबी कळलं," आण्णासाहेब म्हणाले. "बोटांची गोष्ट रचून सांगायला लागतीया, म्हंजे आवाज गेलाच म्हणायचा. सरळ सांगवेना तुमाला, एवढंच." ते तिच्याकडे वळले. "बस झालं मग. चौदा वर्षं काय थोडी न्हाईत."

तिने मान हलवली. लगेच हलवली, जणू हे उत्तर ती आधीच घेऊन आली होती आणि मी फक्त पोचवलं होतं.

भिंतीला बेस टेकलेला होता. पिशवी उघडायची, तार दाबायची, आणि दाबली जात नाही हे दाखवायचं. रसूलभाईंचा हिशेब धरला तर एक मिनिटसुद्धा नाही. मग आण्णासाहेबांना कळलं असतं, तिला कळलं असतं, आणि रात्री जेवायच्या आत इचलकरंजीतल्या प्रत्येक वाजवणाऱ्याला कळलं असतं. मी बसून राहिलो. मी एकदा खरं बोललो होतो. त्यांनी ऐकलं नाही, ह्यात माझा काय दोष, असा एक विचार मला आला आणि तो आल्याबद्दल मला बरंसुद्धा वाटलं.

कुंदाताई आतून कपबशी घेऊन आली. काठोकाठ भरलेली. माझा डावा हात अजून तसाच पुढे होता, तळवा वर, सगळ्यांना बघण्यासाठी ठेवल्यासारखा. तिने कपबशी त्याच हातासमोर धरली. ती सोडणार होती. मी नुसतं धरायचं होतं, पुढचं सगळं आपोआप झालं असतं.

"घ्या की," ती म्हणाली.

मी डावा हात मांडीवर घेतला आणि उजव्या हाताने कपबशी धरली.